यंत्राला ओल कशी कळते?

जबलपूरच्या राइट टाउन भागातील एका मराठी घराची आपण कल्पना करू. ऑगस्टचा महिना आहे आणि गेले पाच दिवस पावसाची झड थांबलेली नाही. गच्चीवरची दोरी रिकामी पडली असून घरातल्या खुर्च्यांच्या पाठी, पलंगाच्या दांड्या आणि दारांच्या कड्या यांवर कपडे लोंबत आहेत. त्यांना कुबट वास येऊ लागला आहे. घरात दम्याने त्रासलेल्या आजी आणि सहा महिन्यांचे बाळ आहे. म्हणून यंदा कपडे वाळवण्याचे यंत्र, म्हणजे सर्वजण ज्याला 'ड्रायर' म्हणतात ते, विकत आणलेले आहे. परंतु हे यंत्र पंचवीस मिनिटे फिरते, काम संपल्याची घंटा वाजविते आणि थांबते. शर्ट वाळलेले असतात. पण टॉवेलांच्या कडा, चादरीचा मधला भाग आणि विजारींच्या खिशांची अस्तरे ओलीच असतात. पुन्हा चालू करावे, तर यंत्र दहा मिनिटांत पुन्हा थांबते.

शेवटी ओळखीच्या एका वायरमनला बोलाविले जाते. तो म्हणतो, "आत एक फ्यूज असतो, तोच यंत्राला थांबवतो. तो काढून सरळ तार जोडून देतो. मग बघा, कसे थांबत नाही ते!"

त्याला होकार द्यावा की नाही, हे ठरविण्यापूर्वी यंत्र का थांबते हे समजून घेतले पाहिजे; आणि ते समजण्यासाठी कपडा वाळतो म्हणजे काय होते, येथून आरंभ केला पाहिजे.

कपडा वाळणे म्हणजे काय?

कपड्यातील पाणी वाफ होऊन हवेत जाते, यालाच आपण वाळणे म्हणतो. यासाठी दोन गोष्टी लागतात: पाण्याची वाफ करणारी उष्णता आणि ती वाफ सामावून घेणारी हवा. पाण्याचे रूपांतर वाफेत होत असताना पुष्कळ उष्णता खर्च होते, पण तापमान मात्र वाढत नाही. ही गोष्ट जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७६० च्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिली आणि या उष्णतेला 'सुप्त उष्णता' असे नाव मिळाले. आजच्या हिशेबात सांगावयाचे, तर नेहमीच्या तापमानाला एक किलोग्रॅम पाण्याची वाफ करण्यास विजेच्या सुमारे दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता लागते.

आता हवेकडे वळू. हवेत वाफ सामावण्यास मर्यादा असते आणि तापमानाबरोबर ती झपाट्याने वाढते. एक घनमीटर हवा २७ अंश सेल्सिअसला सुमारे २६ ग्रॅम, ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम, तर ६० अंशांना सुमारे १३० ग्रॅम वाफ धारण करू शकते. जबलपुरात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. तिची आर्द्रता शेकडा २० धरली, तर प्रत्येक घनमीटर हवेत आणखी चाळीस ग्रॅम वाफेला जागा असते. म्हणूनच त्या दिवसांत दोरीवर टाकलेले धोतर बघता बघता कडकडीत वाळते. पण या शहरात वर्षाकाठी पडणाऱ्या सुमारे तेराशे मिलिमीटर पावसाचा बहुतेक भाग जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत पडतो. ऑगस्टच्या झडीत तापमान २७ अंश आणि आर्द्रता शेकडा ८८ असेल, तर प्रत्येक घनमीटर हवेत जेमतेम तीन ग्रॅम वाफेला वाव उरतो. तीन किलो कपडे धुऊन यंत्रात चांगले पिळून काढले, तरी त्यांत सुमारे १८०० ग्रॅम पाणी राहते. ते सामावून घेण्यास ऑगस्टची ६०० घनमीटर हवा लागेल. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब व तीन मीटर उंच अशा जवळजवळ सतरा खोल्या भरतील, इतकी ही हवा झाली! मग खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल तीन दिवस ओला राहिला, तर नवल ते काय?

तीच ओली हवा ६० अंशांपर्यंत तापविली, तर तिची आर्द्रता शेकडा २० च्याही खाली उतरते. म्हणजे ऑगस्टच्या हवेला आपण मे महिन्याचे रूप देतो. आपल्या घरांतून शेगडीतील निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून तीवर बाळाची दुपटी वाळवीत असत, त्यामागील तत्त्व हेच होते. अमेरिकेत जॉर्ज सॅम्प्सन यांनी १८९२ साली ज्या वाळवणीच्या साधनाचे पेटंट घेतले, त्यातही स्टोव्हच्या उष्णतेवर कपडे वाळविण्याची चौकट होती. आजच्या यंत्रात निखाऱ्यांच्या जागी विजेचा हीटर, टोपलीच्या जागी फिरणारा ड्रम आणि वाऱ्याच्या जागी पंखा आला, एवढेच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडील दोन टाक्यांच्या धुलाई-यंत्रातील दुसऱ्या टाकीलाही लोक 'ड्रायर'च म्हणतात. वस्तुतः ती टाकी कपडे वाळवीत नाही, पिळते. गरगर फिरवून पाणी बाहेर फेकणे हे तिचे काम. उष्णता देऊन वाफ करणे हे वाळवणीच्या यंत्राचे काम. पहिले काम स्वस्तात होते, दुसरे महाग पडते. म्हणून वाळवणीच्या यंत्रात घालण्यापूर्वी कपडे जितके चांगले पिळावेत, तितके विजेचे बिल कमी येते.

कोरडेपणाच्या खुणा

कपडा वाळला हे आजींना कसे कळते? त्या तो हातात घेतात, गालाला लावतात आणि सांगतात, "अगं, ओला आहे अजून." गंमत अशी की, मानवी त्वचेत ओलावा ओळखणारे स्वतंत्र संवेदन-केंद्र नाही. गारवा आणि स्पर्श या दोन संवेदनांवरून मेंदू ओलाव्याचे अनुमान करतो. त्यामुळे गार पडलेला कोरडा कपडा कधी ओला भासतो. आणि यंत्रातून नुकताच काढलेला ऊन कपडा ओलसर असूनही कोरडा वाटतो. तोच घडी करून कपाटात ठेवला की संध्याकाळी दमट लागतो. म्हणून यंत्रातील कपड्यांची परीक्षा ते पाचदहा मिनिटे मोकळे पसरून निवल्यावरच करावी.

यंत्राचीही स्थिती याहून वेगळी नाही. त्यालाही ओलावा प्रत्यक्ष कळत नाही. ते एखाद्या खुणेवरून अनुमान करते. या खुणेच्या तीन पद्धती प्रचारात आहेत.

पहिली पद्धत केवळ घड्याळाची. आपण साठ मिनिटे लावली की यंत्र साठ मिनिटे चालते आणि थांबते. कपड्यांचे काय झाले, याची ते मुळीच चौकशी करीत नाही.

दुसरी पद्धत तापमानाची. कपड्यांत भरपूर पाणी आहे तोवर हीटरची उष्णता वाफ करण्यात खर्ची पडते आणि ड्रममधून बाहेर पडणारी हवा फारशी तापत नाही. पाणी संपत आले की ही हवा तापू लागते. ठराविक तापमान येताच थर्मोस्टॅट हीटर बंद करतो. अशा यंत्रातील घड्याळ हीटर बंद असतानाच पुढे सरकते. कपडे जसजसे कोरडे होतात तसतसा हीटर अधिक वेळ बंद राहतो, घड्याळ पुढे जाते आणि शेवटी यंत्र थांबते.

तिसरी पद्धत विद्युत्‌वाहकतेची. ड्रममध्ये किंवा दाराच्या आतल्या बाजूला खालच्या अंगास धातूच्या दोन अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी बसविलेल्या असतात. ओला कपडा दोन्ही पट्ट्यांना एकदम टेकला की त्यातून अतिशय क्षीण विद्युत्‌प्रवाह वाहतो. कोरड्या कपड्यातून तो जवळजवळ वाहत नाही. ओल्या कपड्यांचे हे टेकणे विरळ होत होत थांबले की कपडे वाळले, असे यंत्र समजते.

तेव्हा यंत्राच्या लेखी 'कपडे वाळले' याचा खरा अर्थ 'ओलाव्याची खूण दिसेनाशी झाली' एवढाच आहे. खूण आणि वस्तुस्थिती यांची फारकत कोठे झाली, याचा शोध घेणे हाच या बिघाडावरील उपाय होय.

यंत्र कसे थांबले?

हा शोध घेताना पहिला प्रश्न 'यंत्र का थांबले?' हा नसून 'यंत्र कसे थांबले?' हा आहे. थांबण्याचे तीन प्रकार असतात आणि प्रत्येकाची कारणे निराळी आहेत.

यंत्र घंटा वाजवून किंवा समाप्तीचा दिवा लावून थांबले, तर ते आपल्या समजुतीप्रमाणे काम पुरे करून थांबलेले आहे. येथे बहुधा काहीही तुटलेले किंवा जळलेले नसते. फसलेले असते ते यंत्राचे अनुमान.

काहीही संकेत न देता यंत्र मध्येच बंद पडले आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालू झाले, तर मोटार तापून तिच्यातील संरक्षक कळीने प्रवाह तोडला असावा. दार नीट न लागणे किंवा दाराची कळ झिजणे यामुळेही यंत्र अकस्मात थांबते.

यंत्र थांबत नाही पण थंड हवा फेकीत राहते, किंवा एकदा बंद पडले ते पुन्हा चालू होतच नाही, असे असेल तर अतिउष्णतेपासून संरक्षण देणारा फ्यूज उडालेला असण्याचा संभव आहे. यास कारागीरच हवा.

वीज क्षणभर जाऊन आली, तर पुष्कळशी यंत्रे पुन्हा आपोआप सुरू होत नाहीत, हेही ध्यानात असावे.

आपल्या उदाहरणातील यंत्र घंटा वाजवून थांबते. तेव्हा ते पहिल्या प्रकारात मोडते आणि आपला तपास खुणेभोवतीच फिरला पाहिजे.

खूण कोठे फसते?

सर्वांत आधी यंत्रावरील निवड पाहावी. कपडे किंचित दमट राहून इस्त्रीला सोपे जावेत, अशी एक निवड बहुतेक यंत्रांवर असते. ती लावलेली असेल, तर यंत्र सांगितल्याप्रमाणेच वागत आहे.

नंतर कपड्यांकडे पाहावे. एकटीच साडी किंवा दोनचार लंगोट टाकले, तर ते एवढ्या मोठ्या ड्रममध्ये पट्ट्यांना क्वचितच टेकतात आणि ओले असूनही यंत्राला कोरडे वाटतात. उलट ड्रम ठासून भरला तर कपड्यांचा गोळा होतो. बाहेरचा थर वाळतो आणि पट्ट्यांना तोच टेकत राहतो. चादर तर इतर कपड्यांना पोटात घेऊन स्वतःचे गाठोडे करते. ड्रम अर्ध्यापासून पाऊण भरलेला असावा आणि चादर मधून एकदा काढून झटकून पुन्हा घालावी.

कपड्यांचा प्रकारही महत्त्वाचा आहे. नेहमीच्या हवेत सुती कापड स्वतःच्या वजनाच्या शेकडा आठांच्या आसपास ओलावा धरून ठेवते; पॉलिएस्टरचा धागा शेकडा अर्धा भागही धरीत नाही. टेरिकॉटचे शर्ट आणि जाड सुती टॉवेल एकत्र घातले की शर्ट लौकर वाळतात, पट्ट्यांना पुनःपुन्हा टेकतात आणि टॉवेलांच्या वतीनेही खोटी साक्ष देतात! म्हणून जाड सुती आणि कृत्रिम धाग्याचे कपडे वेगवेगळे वाळवावेत.

यानंतर पट्ट्यांची पाळी. कपडे मऊ व सुगंधी करणारी द्रव्ये वापरली, तर त्यांचा अंश पट्ट्यांवर बसून एक पातळ, न दिसणारा थर तयार होतो. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी दुष्फेन असेल, तर त्यातील क्षारांची त्यात भर पडते. भूजल चुनखडीसारख्या खडकांतून झिरपत आले की हे क्षार त्यात येतात. पातेल्याच्या आत पांढरे किटण धरते, तेच हे क्षार. हा थर वीज वाहू देत नाही. मग चिंब टॉवेल पट्ट्यांना टेकला, तरी यंत्राला त्याचा पत्ता लागत नाही. उपाय अगदी साधा आहे. यंत्राची पिन काढून मऊ फडके पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून पिळावे, त्याने पट्ट्या पुसाव्यात आणि मग कोरड्या फडक्याने साफ कराव्यात. सँडपेपर किंवा तारेची घासणी मुळीच वापरू नये. ओरखड्यांत पुढचा थर अधिकच घट्ट बसतो.

शेवटी जाळी. कपड्यांतून सुटणारी बारीक लव अडविण्यासाठी हवेच्या वाटेवर एक जाळी असते. ती तुंबली की हवेचा प्रवाह मंदावतो आणि हीटरभोवती उष्णता साचते. तापमानावर चालणाऱ्या यंत्रात याचा परिणाम असा होतो की, कपडे ओले असतानाच थर्मोस्टॅट हीटर वारंवार बंद करतो, घड्याळ पुढे सरकत राहते आणि यंत्र लौकर थांबते. जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ करावी. ओली हवा बाहेर टाकणारी नळी असेल, तर ती मोडलेली किंवा पिचलेली नाही हे पाहावे आणि तिचे तोंड घराबाहेर असावे. खोलीतच सोडलेली वाफ पुन्हा यंत्रातच शिरते. भिंतींना बुरशी येते ती वेगळीच.

वजनाची कसोटी

वरील सर्व गोष्टी एकदम बदलू नयेत. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाने आला हे कळते. आणि गुण आला की नाही, हे हाताने न ठरविता वजनाने ठरवावे. घरात ताणकाटा असल्यास तो या कामी उत्तम.

समजा, धुण्यापूर्वी कपड्यांचे वजन ३ किलो होते. पिळल्यावर ते ४.८ किलो भरले. यंत्र थांबल्यावर ३.७ किलो भरले. म्हणजे १८०० ग्रॅम पाण्यापैकी ११०० ग्रॅम गेले आणि ७०० ग्रॅम राहिले. आता थोडे गणित करू. हीटर २००० वॅटचा आहे. पंचवीस मिनिटांत तो सुमारे ०.८३ युनिट उष्णता देतो आणि एवढ्या उष्णतेत सव्वा किलोच्या आसपास पाण्याची वाफ होऊ शकते. याचा अर्थ असा की, हीटरने आपले काम जवळजवळ पूर्ण शक्तीने केले आहे. उणीव उष्णतेची नसून वेळेची आहे. पंचवीस मिनिटांत हे कपडे वाळणे मुळातच अशक्य होते. (वाफेतील उष्णता परत मिळवून वापरणाऱ्या उष्णता-पंपाच्या यंत्रांना हे गणित लागू पडत नाही.)

याचा ताळा पाहण्यासाठी तेच कपडे, तितकेच पिळून, केवळ घड्याळाच्या निवडीवर साठ मिनिटे चालवावेत. ते पूर्ण वाळले, तर हीटर, पंखा आणि हवेची वाट ठीक आहेत. दोष खूण वाचण्यात आहे. तसे चालवूनही ते ओलेच राहिले, तर दोष उष्णतेत किंवा हवेच्या प्रवाहात आहे. विजेचा दाब कमी असण्याचाही येथे विचार करावा. हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते; २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर २००० वॅटचा हीटर सव्वाबाराशे वॅटच्या आसपासच शक्ती देतो. अशा एका प्रयोगाने शंभर तर्कांचा निकाल लागतो.

तो फ्यूज

आता वायरमनच्या सूचनेकडे परत येऊ. अतिउष्णतेचा फ्यूज यंत्राला दर खेपेस थांबवीत नाही. तो एकदाच उडतो आणि त्यानंतर नवा घालीपर्यंत जोडणी तुटलेलीच राहते. पंचवीस मिनिटांनी घंटा वाजवून थांबणाऱ्या आणि पुन्हा चालू होणाऱ्या यंत्रात तो उडालेलाच नाही. म्हणजे तो काढल्याने मूळ दोष दूर होणार नाही. दूर होईल ते फक्त संरक्षण.

ते संरक्षण कशापासून आहे, हेही समजून घेतले पाहिजे. कपड्यांची लव म्हणजे पिंजलेला कापूसच. ठिणगी पडताच ती भडकते. थर्मोस्टॅट चिकटला आणि हवेची वाट तुंबली, तर हीटर तापतच राहतो. तेव्हा त्याच्या आणि या लवेच्या मध्ये तो चिमुकला फ्यूजच काय तो उभा असतो. १९ ऑगस्ट २०१६ रोजी लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातील अठरा मजली निवासी इमारतीला आग लागली. तिचे मूळ एका घरातील कपडे वाळविण्याच्या यंत्रात होते. हे दुरचे उदाहरण असले, तरी धोका दूरचा नाही. तेलाचे मालिश पुसलेले टॉवेल, रॉकेल किंवा स्पिरिट लागलेली फडकी यंत्रात कधीही घालू नयेत. तेल लागलेले ऊन कपडे गठ्ठा करून ठेवले, तर ते आपोआप तापत जाऊन पेटूही शकतात. यंत्र चालू ठेवून घराबाहेर जाऊ नये आणि रात्री झोपू नये. उडालेला फ्यूज तितक्याच क्षमतेचा नवा घालूनच बदलावा आणि तो का उडाला हे शोधल्याशिवाय यंत्र चालवू नये. जळका वास आला, झटका बसला किंवा तार काळी पडलेली दिसली, तर घरगुती तपास तेथेच थांबवावा.

आपल्या उदाहरणातील घराने वायरमनला चहा पाजून परत पाठविले, असे आपण मानू. जाळी साफच होती. पट्ट्या पुसल्यावर तेच कपडे ३.७ ऐवजी ३.२ किलोवर आले. पुढच्या खेपेस टॉवेल आणि शर्ट वेगळे केले, तेव्हा ते तीन किलोच्या जवळ येऊन ठेपले. पूर्ण तीन किलोचा हट्ट धरण्याचे कारण नाही, कारण ऑगस्टच्या हवेत सुती कापड बाहेर काढताच पुन्हा थोडा ओलावा घेते. फडके, वाटीभर व्हिनेगर आणि ताणकाटा एवढ्यावर काम भागले.

यंत्र बिघडले असे म्हणण्यापूर्वी ते काय मोजते, हे विचारावे. तापमापक ताप मोजतो, आजार मोजत नाही. परीक्षेचे गुण उत्तरे मोजतात, ज्ञान मोजत नाहीत. त्याचप्रमाणे हे यंत्र वाहकता मोजते, कोरडेपणा मोजत नाही. खुणेवाचून कोणाचेच चालत नाही, यंत्राचे नाही आणि आपलेही नाही. पण खूण म्हणजेच वस्तू नव्हे, याचा विसर पडू देता कामा नये. यंत्र थांबल्यावर आजींनी कपडा हातात घेऊन म्हणावे, "निवू दे जरा, मग सांगते," यातच या पाठाचे सार आहे.